सिस्टर रोझेटा थार्प : चर्चमधून निघालेलं रॉक अँड रोल

१९९८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने गॉस्पेल संगीतातल्या चार स्त्रियांची तिकिटं काढली. किंमत प्रत्येकी ३२ सेंट. त्यात महालिया जॅक्सन होती, क्लारा वॉर्ड होती, रॉबर्टा मार्टिन होती आणि चौथी होती सिस्टर रोझेटा थार्प. देशाच्या सरकारने तिचा चेहरा पाकिटांवर चिकटवायला दिला, त्या वेळी फिलाडेल्फियाच्या नॉर्थवूड दफनभूमीत तिच्या कबरीवर नावाचा साधा दगडही नव्हता. तिला जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती.

ज्या बाईच्या लग्नाला वीस हजारांहून जास्त लोक तिकीट काढून आले होते, जिने चौदा वर्षांच्या लिटल रिचर्डला पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर उभं केलं, जिची गाणी ऐकत जॉनी कॅश मोठा झाला, तिच्या बाबतीत असं का व्हावं? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये दरवर्षी एक तरी रॉक बँड असायचाच. काळे टीशर्ट, भाड्याने आणलेले अँप आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’. रॉकचा इतिहास हॉस्टेलवर सगळ्यांना तोंडपाठ होता: एल्विस, चक बेरी, बीटल्स, झेपेलिन आणि मग आपापल्या आवडीप्रमाणे पुढे. या वंशावळीत बाई नव्हती. हातात गिटार घेतलेली बाई तर नाहीच. नोकरीला लागल्यावर एका रात्री युट्यूबने एक कृष्णधवल क्लिप पुढे ढकलली. लांब कोट घातलेली, पन्नाशीला आलेली एक कृष्णवर्णीय बाई पावसाळी हवेत रेल्वेच्या फलाटावर उभी राहून इलेक्ट्रिक गिटारवर सोलो वाजवत होती. गाणं होतं देवाचं. सोलो मात्र असा, की आमच्या फेस्टमधल्या कुठल्याही पोराने त्यासाठी कॉलर ताठ केली असती. त्या क्लिपनंतर मी तिचं मिळेल ते ऐकत गेलो, वाचत गेलो.

कापसाचं गाव, आईचं चर्च

रोझेटाचा जन्म २० मार्च १९१५चा, अर्कान्सास राज्यातल्या कॉटन प्लांट नावाच्या गावातला. गावाच्या नावातच कापूस आहे, आणि तिचे आईवडीलही कापूस वेचणारेच. आई, केटी बेल, मँडोलिन वाजवायची, गायची आणि प्रवचनंही करायची. ती ज्या पंथाची होती त्याचं नाव चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट. चार्ल्स मेसन यांनी उभा केलेला हा पेंटेकॉस्टल पंथ. इथे उपासना म्हणजे हात जोडून गप्प बसणं नव्हे. टाळ्या, खंजिऱ्या, ड्रम्स, अंगात आल्यासारखं नाचणं हे सगळं प्रार्थनेचाच भाग. तंतुवाद्यं वर्ज्य नव्हती आणि बाईने लोकांसमोर उभं राहून देवाबद्दल बोलणंही वर्ज्य नव्हतं. रोझेटाच्या पुढच्या आयुष्यातलं जवळपास सगळं या दोन परवानग्यांमधून निघालेलं आहे.

सहाव्या वर्षी ती आईसोबत गावोगाव फिरणाऱ्या धर्मप्रचारकांच्या ताफ्यात गिटार घेऊन गायला लागली होती. लोक ही चमत्कारी पोरगी बघायला यायचे. १९२०च्या दशकात मायलेकी शिकागोला आल्या. दक्षिणेतल्या शेतांमधून उत्तरेच्या शहरांकडे तेव्हा कृष्णवर्णीयांचं मोठं स्थलांतर चालू होतं. १९१०च्या दशकापासून १९७०पर्यंत साधारण साठ लाख माणसं असं घर सोडून गेली. त्यांच्यासोबत त्यांचं संगीतही शहरात आलं. शिकागोत दक्षिणेचे ब्लूज होते, जॅझ होतं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चर्च होती. कागदावर या दोन जगांमध्ये भिंत होती. रविवारचं संगीत देवाचं, शनिवार रात्रीचं सैतानाचं. कान मात्र दोन्हीकडे तेच असायचे.

ही भिंत किती पातळ होती, याचं चांगलं उदाहरण म्हणजे थॉमस डॉर्सी. आधी तो ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने चावट ब्लूज वाजवायचा. मग चर्चकडे वळला आणि ब्लूजच्याच सुरांवर भजनं रचायला लागला. आज त्याला गॉस्पेल संगीताचा जनक म्हणतात. रोझेटाच्या पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डचं गाणं त्याचंच.

एका आठवड्यात दोन जगं

१९३४ साली, एकोणीस वर्षांची असताना तिने टॉमस थॉर्प नावाच्या धर्मोपदेशकाशी लग्न केलं. लग्न टिकलं नाही. त्याचं आडनाव मात्र थोडं बदलून ‘थार्प’ म्हणून तिच्याकडे कायमचं राहिलं. १९३८ साली ती न्यूयॉर्कला आली आणि त्या एका वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत तिच्या आयुष्यात जे झालं ते एखाद्याच्या आख्ख्या करिअरला पुरलं असतं.

३१ ऑक्टोबर १९३८ला डेक्का कंपनीसाठी तिने पहिली चार गाणी रेकॉर्ड केली. त्यात डॉर्सीच्या भजनावरून घेतलेलं ‘रॉक मी’ होतं. मूळ भजनात भक्त देवाला म्हणतो की मला कुशीत घेऊन झोका दे. म्हणजे इथला ‘रॉक’ हा पाळण्याचा आहे. पण रोझेटाच्या आवाजात आणि गिटारच्या ठेक्यात तो शब्द असा काही उमटतो, की क्लबमधल्या माणसाला तो वेगळाच ऐकू यावा. त्याच सुमारास ती कॉटन क्लबमध्ये कॅब कॅलोवेच्या ऑर्केस्ट्रासोबत गात होती. कॉटन क्लब म्हणजे स्टेजवर कृष्णवर्णीय कलाकार आणि टेबलांवर गोरे श्रीमंत, अशी जागा. आणि २३ डिसेंबरला ती कार्नेगी हॉलमध्ये होती. जॉन हॅमंडने भरवलेल्या ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ या मैफलीत, अल्बर्ट अ‍ॅमन्सच्या पियानोच्या साथीने.

चर्चमधल्या लोकांना हे पचणं शक्यच नव्हतं. देवाची गाणी दारू पिणाऱ्यांसमोर, अर्धवस्त्र नाचणाऱ्या मुलींच्या कार्यक्रमात? महालिया जॅक्सनने नाइटक्लबात गायला आयुष्यभर नकार दिला. रोझेटाने दिला नाही. तिच्या बाजूने विचार केला तर तिचं उत्तर सोपं असावं: देवाचं नाव जिथे पोचलेलं नाही तिथेच तर ते न्यायला हवं. पण त्यात पैशाचा, प्रसिद्धीचा आणि चक्क मजेचा भाग नव्हता असंही म्हणवत नाही. तिचे व्हिडिओ बघताना दिसतं ते हेच, की या बाईला स्टेजवर असणं मनापासून आवडतं.

१९४१मध्ये ती लकी मिलिंडरच्या ऑर्केस्ट्रात गेली. त्या काळात ‘साउंडी’ नावाचा प्रकार होता. बारमध्ये, हॉटेलात कपाटाएवढं यंत्र असायचं, त्यात नाणं टाकलं की तीनेक मिनिटांची गाण्याची फिल्म दिसायची. थोडक्यात, नाणं टाकून बघायचं रील. रोझेटा त्यातही झळकली. याच ऑर्केस्ट्रासोबत तिने उंच, सडपातळ प्रियकर हवा असं सांगणारं एक खट्याळ गाणंही रेकॉर्ड केलं. त्यात देवाचा काही संबंध नव्हता. थोड्याच काळात ती ऑर्केस्ट्रा सोडून पुन्हा गॉस्पेलकडे आली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी खास काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ रेकॉर्ड्सवर मोजके गॉस्पेल कलाकार होते. त्यांत ती होती.

वायरचं वेटोळं

इथे थोडं गिटारबद्दल बोलू, कारण रोझेटाचं महत्त्व त्याशिवाय नीट कळत नाही.

साध्या गिटारचा आवाज लहान असतो. दहा-पंधरा वादकांच्या ब्रास बँडसमोर तो कुणालाच ऐकू येत नाही. सुरुवातीच्या फोटोंमध्ये रोझेटाच्या हातात नॅशनल कंपनीची रेझोनेटर गिटार दिसते. धातूची, चकचकीत. तिच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचे शंकू असतात आणि ते आवाज मोठा करतात. हा झाला निव्वळ यांत्रिक उपाय. दुसरा उपाय होता विजेचा. लोहचुंबक घ्यायचं, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यायचे आणि ते गिटारच्या पोलादी तारांखाली बसवायचं. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. बारावीच्या फिजिक्समधला फॅरेडे. तो प्रवाह अँपमध्ये पाठवला की झालं. रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ची, गिब्सनचं ईएस-१५० हे मॉडेल १९३६चं.

म्हणजे रोझेटा न्यूयॉर्कला आली तेव्हा हे तंत्र अगदी ताजं होतं. आपल्याकडे एखादी नवी फ्रेमवर्क आली की पहिली दोन वर्षं लोक तिच्यात जुनाच कोड लिहितात. इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच होतं. बहुतेकांना ती मोठ्या आवाजाची साधी गिटार वाटायची. ही वेगळीच वस्तू आहे, हिचा सूर लांबवता येतो, ताणता येतो, थोडा फाटू दिला तर तो माणसाच्या गळ्यासारखा होतो, हे ज्यांनी लवकर ओळखलं त्यांच्यात चार्ली ख्रिश्चन होता, टी-बोन वॉकर होता आणि रोझेटा होती. ती गाण्याची ओळ म्हणायची आणि गिटार तिला उत्तर द्यायची. हे तर तिच्या चर्चमधलंच: उपदेशक बोलतो, भाविक ओरडून साथ देतात. फरक इतकाच, की हिच्याकडे उपदेशकही तीच आणि भाविकांचा सगळा गलका तिच्या सहा तारांत.

सप्टेंबर १९४४मध्ये पियानोवादक सॅमी प्राइसच्या त्रिकुटासोबत तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ रेकॉर्ड केलं. पियानोवर धावतं बूगी-वूगी, खाली बास आणि ड्रम्स, मधोमध तिची इलेक्ट्रिक गिटार आणि वर ढोंगी धार्मिकांना चिमटे काढणारे शब्द. १९४५मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या ‘रेस रेकॉर्ड्स’ यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. गॉस्पेल गाण्याने असल्या यादीत इतकं वर जाणं तोवर घडलेलं नव्हतं. ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणजे काय, तर कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी केलेल्या रेकॉर्ड्स. संगीत कसं आहे यावरून पाडलेला हा प्रकार नव्हता, कातडीवरून पाडलेला होता. १९४९ साली बिलबोर्डने ते नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. ज्याला बरेच जण पहिलं रॉक अँड रोल गाणं म्हणतात ते ‘रॉकेट ८८’ १९५१चं. एल्विसची सन कंपनीसाठीची पहिली रेकॉर्ड १९५४ची. चक बेरीचं ‘मेबेलीन’ १९५५चं.

स्टेडियममधलं लग्न

१९४६च्या सुमारास रोझेटाने मेरी नाइट या गायिकेला ऐकलं आणि तिला सोबत घेतलं. दोघींनी मिळून ‘अप अबव्ह माय हेड’ रेकॉर्ड केलं. तेही गाजलं. मेरी पियानोवर, रोझेटा गिटारवर, आणि दोघी मिळून देशभर दौरे. दोन कृष्णवर्णीय बायका, सोबत पुरुष बँडलीडर नाही, आणि रस्ते दक्षिणेतले, जिथे कायद्यानेच वेगळे नळ, वेगळी हॉटेलं, वेगळी प्रतीक्षालयं होती. ज्या गावात रात्री शेकडो लोक टाळ्या वाजवणार, त्याच गावात दुपारी जेवायला बसायला जागा मिळेल याची खात्री नाही.

१९४७मध्ये जॉर्जियातल्या मेकन शहरात तिचा कार्यक्रम होता. त्या सभागृहात कोकाकोला विकणारा एक चौदा वर्षांचा मुलगा कार्यक्रमाआधी तिची गाणी गाताना तिच्या कानावर पडला. तिने त्याला स्टेजवर बोलावलं, गायला लावलं आणि वर पैसेही दिले. तो मुलगा म्हणजे रिचर्ड पेनिमन, पुढचा लिटल रिचर्ड. गाण्यातून पैसे मिळू शकतात हे त्याला त्या रात्री कळलं. पुढे तिच्यासोबत दौरा करणाऱ्यांमध्ये जॉर्डनेअर्स ही गोऱ्या गायकांची चौकडीही होती. हीच चौकडी नंतर वर्षानुवर्षं एल्विसच्या मागे गायली. एल्विसला रोझेटाची गिटार आवडायची, ही आठवण त्या चौकडीतल्या गॉर्डन स्टोकरने सांगून ठेवली आहे.

तिच्या लोकप्रियतेचा कळस म्हणजे तिचं तिसरं लग्न. ३ जुलै १९५१, वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम. बेसबॉलच्या त्या मैदानावर रसेल मॉरिसनशी तिचं लग्न लागलं आणि ते बघायला वीस हजारांहून जास्त लोक तिकीट काढून आले. आयोजकांसोबत लग्नाचा करार आधी झाला आणि नवरा नंतर ठरला, असं तिच्या चरित्रात येतं. विधी झाल्यावर तिने लग्नाच्या पोशाखातच गिटार गळ्यात अडकवली आणि मैफल केली. मग आतषबाजी. डेक्काने सगळ्याची रेकॉर्डही काढली. आजच्या भाषेत सांगायचं तर लग्न, कॉन्सर्ट आणि लाइव्ह अल्बम एकाच तिकिटात. स्टेडियम रॉक हा शब्द अजून जन्मालाही यायचा होता.

फलाट

त्यानंतर चार-पाच वर्षांतच चित्र पालटलं. तिच्या आवाजातली, तिच्या गिटारमधली ऊर्जा आता सगळ्या रेडिओवर होती, पण ती वाजवणारे होते विशीतले तरुण मुलगे आणि गाणी होती गाड्यांची, शाळेची, पोरींची. चाळिशीतल्या भजन गाणाऱ्या बाईला त्या बाजारात जागा नव्हती. गॉस्पेलमध्येही आता नवी नावं होती, आणि चर्चने तिला पूर्ण माफ केलेलंच नव्हतं.

१९५७मध्ये ब्रिटिश जॅझवादक क्रिस बार्बरने तिला इंग्लंडला बोलावलं. तिथे तिला नवा श्रोता मिळाला. मग ७ मे १९६४. ग्रॅनाडा टीव्हीने मँचेस्टरचं विल्ब्रहॅम रोड हे प्रवाशांसाठी १९५८मध्येच बंद झालेलं स्टेशन घेतलं आणि ते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एखाद्या जुन्या स्टेशनासारखं सजवलं. प्रेक्षकांना आगगाडीने आणून एका फलाटावर बसवलं. समोरच्या फलाटावर कलाकार: मडी वॉटर्स, सॉनी टेरी, ब्राउनी मॅगी आणि रोझेटा. तिला घोडागाडीतून आणलं. नेमका पाऊस आला. तिने ऐन वेळी ठरवलं की सुरुवात ‘डिडन्ट इट रेन’ने करायची, नोहाच्या महापुराच्या गाण्याने.

हीच ती मला युट्यूबने दाखवलेली क्लिप. तिच्या गळ्यातली पांढरी गिब्सन एसजी कस्टम, सोनेरी पट्ट्या, तीन पिकअप. हे पिकअप ‘हमबकर’ प्रकारचे. दोन वेटोळी उलट्या दिशेने जोडली की विजेच्या लाइनमधली घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. सोलोच्या वेळी ती तारांकडे फारसं बघतही नाही. शेजारच्या बाईशी बोलावं तसं बोलत वाजवते. मंचावर बोलावलेली बाई ती, पण आख्ख्या स्टेशनचं यजमानपद तिच्याकडे आहे असं वाटतं.

यातला विरोधाभास बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत पोचले होते आणि अमेरिकेतली पोरं या नव्या इंग्रजी संगीताने वेडी झाली होती. तीनच महिन्यांनी ज्या संगीतातून हे सगळं आलं त्यातली एक बाई इंग्लंडमध्ये, पावसात, वापरात नसलेल्या फलाटावर वाजवत होती. अमेरिकेची जुनी दक्षिण म्हणून, भूतकाळाचा देखावा म्हणून.

१९७०मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना तिला पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहामुळे पुढे एक पाय कापावा लागला. त्यानंतरही ती बसून गात राहिली. ९ ऑक्टोबर १९७३ला फिलाडेल्फियात ती गेली. वय ५८.

एकच रकाना

मी पोटापाण्यासाठी जे काम करतो त्यात टेबलं बनवणं, म्हणजे डेटाबेसमधली टेबलं बनवणं, हा रोजचा भाग आहे. कुठला रकाना ठेवायचा, त्यात किती किंमती बसू द्यायच्या हे आधी ठरवावं लागतं. एकदा ठरलं की पुढे वर्षानुवर्षं त्या टेबलात जे बसत नाही ते दिसतही नाही. ते खोटं ठरत नाही, कुणी ते मुद्दाम पुसतही नाही. फक्त शोध घेतला की ते निकालात येत नाही.

संगीताच्या इतिहासात ‘प्रकार’ हा असाच एक रकाना आहे आणि त्यात एकच शब्द मावतो. रोझेटाच्या पुढे ‘गॉस्पेल’ लिहिलं गेलं. मग रॉकचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जेव्हा जुनं खणायला घेतलं तेव्हा त्यांनी ब्लूज शोधलं, कंट्री शोधलं, रिदम अँड ब्लूज शोधलं. एकाकी, बंडखोर, सैतानाशी सौदा केलेला ब्लूज गायक त्यांच्या कथेत छान बसत होता. चर्चच्या झग्यात हसत हसत गिटार वाजवणारी बाई बसत नव्हती. इतर गॉस्पेल गायिकांचं पुन्हा ठीक होतं. महालिया जॅक्सन एका बाजूला ठाम उभी होती, त्यामुळे तिचं काय करायचं हे सगळ्यांना माहीत होतं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला १९९७मध्ये पूर्वसूरी म्हणून सामावून घेतलं. हा हॉल ऑफ फेम १९८६पासून दरवर्षी कलाकार निवडतोय. पहिल्याच वर्षी चक बेरी, लिटल रिचर्ड, एल्विस आले. १९९२मध्ये जॉनी कॅशने तिथल्या स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात रोझेटाचं नाव घेतलं. रोझेटाची निवड झाली २०१८मध्ये.

आता मात्र वारं उलटं फिरलंय. २००७मध्ये गेल वॉल्ड यांनी लिहिलेलं चरित्र आलं, २०११मध्ये बीबीसीची फिल्म आली, २०२२च्या ‘एल्विस’ सिनेमात योला या गायिकेने तिची भूमिका केली. रील्सवर तिची क्लिप फिरते आणि खाली लिहिलेलं असतं: रॉक अँड रोलचा शोध एका कृष्णवर्णीय बाईने लावला आणि पुरुषांनी तो चोरला. वाचायला बरं वाटतं. पण हाही पुन्हा एकच रकाना, फक्त त्यातला शब्द बदललेला.

रॉक अँड रोलचा शोध कुणी एकाने लावलेला नाही. चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’ची सुरुवातीची प्रसिद्ध गिटार लुई जॉर्डनच्या १९४६च्या एका गाण्यात कार्ल होगनने जवळजवळ तशीच वाजवली आहे. लिटल वॉल्टरचं १९५५चं ‘माय बेब’ हे ‘धिस ट्रेन’ या भजनावरून बेतलेलं, जे रोझेटाने १९३९मध्येच रेकॉर्ड केलं होतं. पण तेही तिचं नव्हतं, त्याआधीपासून लोक गात होते. रे चार्ल्सने १९५४मध्ये एका गॉस्पेल गाण्यातला येशू काढला, तिथे बाई बसवली आणि ‘आय गॉट अ वुमन’ झालं. देणंघेणं इतकं गुंतलेलं आहे. आम्ही रोज जे सॉफ्टवेअर वापरतो त्यातही असंच असतं: शेकडो लोकांनी लिहिलेले छोटे छोटे तुकडे एकमेकांवर उभे असतात आणि खालच्या थरातल्यांची नावं कुणी वाचत नाही. रोझेटा खालच्या थरात होती. तो थर तिने एकटीने बांधला नव्हता, पण ती काढली तर वरचं बरंच काही डळमळतं.

मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. तिला ‘गॉडमदर ऑफ रॉक अँड रोल’ म्हणताना आपण तिच्या गाण्यातला देव हळूच बाजूला सारतो. मी स्वतः फारसा धार्मिक नाही. त्यामुळे तिचा सोलो ऐकायचा आणि शब्दांकडे दुर्लक्ष करायचं, हे मला सोपं आहे. पण तिने तसं केलं नाही. पैसा, प्रसिद्धी, तरुण श्रोते सगळं दुसऱ्या बाजूला दिसत असताना ती थोडा वेळ तिकडे गेली आणि परत आली. लिटल रिचर्डनेही १९५७मध्ये ऐन बहरात रॉक अँड रोल सोडून धर्माचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती, मग परत रॉककडे आला, पुन्हा सोडलं. ही ओढाताण त्या पिढीतल्या कितीतरी जणांची होती. फरक इतकाच, की रोझेटाला दोन्ही एकदम हवं होतं. एकाच गाण्यात, एकाच वेळी. चर्चने तिला सांगितलं, देव ठेव आणि झगमगाट सोड. रॉकचा इतिहास तिला सांगतो, झगमगाट ठेव आणि देव सोड. दोघांनाही तिची निम्मीच बाजू हवी आहे.

मग आपण काय करायचं? माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं, की तिला कुणाची तरी आधीची पायरी म्हणून ऐकायचं नाही. एल्विसपर्यंत पोचण्याचा रस्ता म्हणून नाही, चक बेरीची पुराव्यादाखल जोडलेली फाइल म्हणून नाही. १९३८चं ‘रॉक मी’ आधी ऐका, ते लहान आणि उघडं आहे: एक आवाज, एक गिटार. मग १९४४चं ‘स्ट्रेंज थिंग्ज’. त्यात पियानो आणि गिटार कशी एकमेकांना ढकलतात ते हेडफोन लावून ऐका. मग मेरी नाइटसोबतचं ‘अप अबव्ह माय हेड’, त्यात दोन बायका एकमेकींची ओळ हवेत झेलतात. मँचेस्टरची क्लिप सगळ्यात शेवटी ठेवा. तिच्यापासून सुरुवात केली की बाकीचं सगळं तिच्या उजेडात दिसायला लागतं.

कबरीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. चरित्र आल्यानंतर, ११ जानेवारी २००८ला तिच्या कबरीवरच्या दगडासाठी पैसे जमवायला एक मैफल झाली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने तो दिवस ‘सिस्टर रोझेटा थार्प दिवस’ म्हणून जाहीर केला. पैसे जमले, दगड बसला. टपाल खात्याला लागली त्याहून लोकांना दहा वर्षं जास्त लागली. आज नॉर्थवूडला गेलात तर तिची कबर शोधावी लागत नाही, नाव वाचता येतं.